वर काच, खाली राड: कृष्णेच्या डोहातल्या एका गढूळ प्रवाहाचं प्रकरण

पलूस तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात सहकारी उपसा सिंचन संस्था आहे. जॅकवेल, म्हणजे पंप जिच्यातून पाणी उपसतो ती विहीर, कृष्णेच्या काठाला, तिच्या खालच्या अंगाला कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. मे महिन्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, अजून बंधाऱ्यातच असतात, त्यामुळे मागं चार-पाच मीटर खोल पाणी तुंबलेलं असतं. जॅकवेलच्या वर साधारण सहाशे मीटरवर एक ओढा नदीला मिळतो. वर्षातले दहा महिने तो कोरडाच.

संस्थेचे चेअरमन आबा आमच्या कॉलेजात आले ते तक्रार घेऊन. वळवाचा पाऊस पडला की त्या रात्री पंप गाळ ओढतो. द्राक्षवाल्यांचे ठिबकचे फिल्टर चोक होतात, पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, झिजतो, दर दोन वर्षांनी जॅकवेल उपसून साफ करावी लागते. संस्थेत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, जॅकवेलच्या भिंतीला भेग आहे आणि काठाची माती आत येते. दुसऱ्याचं म्हणणं, वरच्या अंगाला कुणीतरी रात्री वाळू काढतं. पंप ऑपरेटर मात्र दोन्ही मानत नव्हता. त्याचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे: "सर, वरनं बघा, पाणी काच हाय. आन् पाइपातनं येतंय ती नुसती राड. पाऊस उघडल्यावर तासा-दीड तासानं सुरू हुतंय, आन् सकाळपत्तुर ऱ्हातंय."

त्या दीड तासात सगळं प्रकरण होतं. भिंतीला भेग असती तर पावसाबरोबरच राड आली असती, आणि वाळू काढणाऱ्यांना काही वळवाची वाट बघावी लागत नाही.

पुढच्या वळवाला आम्ही तिथं होतो. दगड बांधलेली बाटली दोरीनं खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर गेली की दुसऱ्या दोरीनं बूच ओढायचं, एवढंच आमचं उपकरण. जॅकवेलपाशी वरच्या अर्ध्या मीटरचं पाणी निवळ होतं. दोन मीटरवरचंही निवळ. तळापासून हातभर वर घेतलेली बाटली चहासारखी आली. पोरांना बाटल्या उलटसुलट झाल्या असं वाटलं, म्हणून पुन्हा घेतल्या. पुन्हा तेच.

पाण्याखालून पाणी

गढूळ पाणी निवळ पाण्यापेक्षा जड असतं. ते तुंबलेल्या पाण्यात शिरलं की मिसळून जाण्याआधी खाली बुडी मारतं आणि तळाला धरून वाहत राहतं. स्वित्झर्लंडमधल्या फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात जिनिव्हाच्या सरोवरात ऱ्होन नदीचं पाणी असं तळातून जाताना नोंदवलं होतं. अमेरिकेत हूवर धरणाच्या जलाशयाला १९३५ साली याचाच अनुभव आला. वरून निळंशार दिसणाऱ्या पाण्याच्या तळातून कोलोरॅडोचा गाळ सारी लांबी पार करून थेट धरणाच्या दारांतून बाहेर पडला.

समुद्रातलं उदाहरण आणखी मोठं आहे, आणि आम्हा सांगलीकरांना त्याचं साल लक्षात ठेवायला सोपं. ज्या १९२९ साली इथं आयर्विन पूल सुरू झाला, त्याच सालच्या १८ नोव्हेंबरला कॅनडाच्या किनाऱ्याजवळ ग्रँड बँक्स इथं भूकंप झाला. समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या बारा केबल तुटल्या. काही भूकंपाबरोबरच गेल्या, पण खोल पाण्याकडच्या एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची तेरा तासांहून अधिक वेळानं. याचा उलगडा व्हायला १९५२ साल उजाडलं. हीझन आणि युइंग यांनी तुटण्याच्या वेळा आणि अंतरं मांडून दाखवलं, की उतारावरून घसरलेल्या गाळाचा लोंढा समुद्राच्या तळातून धावत गेला आणि वाटेतल्या केबल तोडत गेला.

आमच्या ऑपरेटरचा तासा-दीड तास आणि केबलींच्या वेळा, दोन्हीकडे पुरावा एकाच जातीचा आहे. वस्तू दिसत नाही, पण ती कुठं केव्हा पोचली ते कळतं. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्याचा तोटा असा झाला की प्रकल्प हाती घेताना सगळ्यांनाच वाटलं, उत्तर तर मिळालंय, आता फक्त संगणकावर दाखवायचं.

काचेची नाली आणि संगणकातली नाली

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींची सहा मीटर लांबीची जुनी नाली आहे, रुंदी ३० सेंटिमीटर. तिच्या एका टोकाला ६० सेंटिमीटरवर आडवी फळी बसवली. फळीमागं गढूळ पाणी, पुढं निवळ, दोन्हीकडे खोली २५ सेंटिमीटर. फळी झटकन वर ओढली की गढूळ पाणी तळाशी पसरत पुढं धावतं आणि निवळ पाणी त्याच्या डोक्यावरून मागं येतं. गाळ ओढ्याच्या तोंडाचा आणलेला. फळीमागच्या ४५ लिटर पाण्यात सव्वा किलोच्या आत-बाहेर माती, म्हणजे आकारमानानं एक टक्का.

आता हेच संगणकावर. पाणी आणि कण यांची गणितं वेगळी चालतात. पाण्यासाठी नालीचे हजारो बारीक खण पाडायचे आणि प्रत्येक खणात वेग आणि दाब काढायचा. कणांसाठी न्यूटनचे नियम: वजन, तरंगण्याचा जोर, पाण्याचा ड्रॅग म्हणजे रोध, आणि एकमेकांवर आदळणं. आदळण्याचं गणित कुंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडलेल्या रीतीनं होतं. दोन कण टेकले की मध्ये एक स्प्रिंग आणि एक शॉकअॅब्सॉर्बर आहे असं धरायचं. स्प्रिंग कडक, म्हणून वेळेची पावलं सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकी बारीक टाकावी लागतात. दोन्ही गणितांची गाठ ड्रॅगमध्ये पडते. पाणी कणाला जेवढं ढकलतं, तेवढाच उलटा धक्का त्या खणातल्या पाण्याला परत द्यायचा. तो परत दिला नाही तर कण पाण्यात वाहतील, पण पाण्याला कणांचा पत्ताच लागणार नाही आणि गढूळ प्रवाह सुरूच होणार नाही. पहिल्या आठवड्यात एका पोरानं नेमकं हेच केलं होतं. कण जागच्या जागी संथ खाली बसत होते आणि तो म्हणत होता, "सर, फळी उघडली नाही बहुतेक."

खरी अडचण मोजदादीची. मातीचा कण सरासरी ०.०२ मिलिमीटर धरला तर त्या सव्वा किलोत कण भरतात दहा हजार कोटींहून जास्त. विभागातल्या यंत्रावर काही लाख कण नीट हाकता येतात. म्हणून दोन वाटा घेतल्या. सगळ्या नालीसाठी गाठोड्यांची पद्धत वापरली. संगणकातलं एक गाठोडं लाखो खऱ्या कणांच्या वतीनं धावतं, पण ड्रॅग मात्र एकट्या कणाच्या व्यासावरून काढायचा. आणि तळाजवळच्या काडेपेटीएवढ्या तुकड्यासाठी एकेक कण वेगळा धरून गणित केलं. पाण्याचा भाग ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. संध्याकाळी लावून जायचं आणि सकाळी येऊन बघायचं. मध्ये लाईट गेली आणि यूपीएसनं मान टाकली, की पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झाल्यावर दर तासाला निकाल जतन करायची अक्कल आली.

कणांचे आकार मातीच्या चाचणीतून घेतले. नमुना एका प्रयोगशाळेत दिला, हायड्रोमीटरची चाचणी झाली, आलेख आला: निम्मी माती ०.०२ मिलिमीटरहून बारीक, आणि चौथा हिस्सा ०.००२ मिलिमीटरहून बारीक, म्हणजे चिकणच. आमच्या काळ्या रानाची माती म्हटल्यावर कुणाला नवल वाटलं नाही.

जुळलं, आणि तिथंच चुकलं

पहिल्या सिम्युलेशनमध्ये प्रवाहाचं नाक, म्हणजे त्याची पुढची कड, सेकंदाला नऊ सेंटिमीटरनं पळालं. नालीतही तेवढंच. एक टक्का गाळ, २५ सेंटिमीटर पाणी, यावरून हातानं गणित केलं तरी साधारण तोच आकडा येतो. पोरं खूश झाली.

तिसऱ्या मीटरनंतर मात्र नाली आणि संगणक वेगळे चालायला लागले. संगणकातला प्रवाह थेट टोकाच्या भिंतीवर आदळून परत फिरला आणि गाळ सगळ्या लांबीवर सारखा पसरला. खऱ्या नालीत नाक हळू झालं, पातळ झालं आणि साडेचार मीटरच्या आसपास विझलं. गाळाचा थर पहिल्या अडीच-तीन मीटरमध्येच जाड.

म्हणजे खरा गाळ लवकर बसत होता. गटातल्या पोरांनी ड्रॅगच्या सूत्रावर बोट ठेवलं. एकट्या कणाचा ड्रॅग वेगळा आणि गर्दीतला वेगळा, हे पुस्तकात असतंच. त्यांनी ड्रॅगला एक गुणक लावला आणि तो कमी करत गेले. एक पंचमांशावर आणल्यावर आलेख असा जुळला की दोन रेघांतून उजेड दिसेना. अहवालात कारण लिहिलं: कण समूहानं पडतात म्हणून रोध कमी होतो. मी वाचलं, मला पटलं, मीच शाबासकी दिली. हे इथं मुद्दाम लिहितोय, कारण नंतर सगळं खापर पोरांच्या माथी फोडणं सोपं होतं.

वास्तविक मला तिथंच थांबायला हवं होतं. सारख्या कणांची गर्दी झाली की ते हळू पडतात. खाली जाणाऱ्या कणांनी बाजूला सारलेलं पाणी वर येतं आणि बाकीच्यांना अडवतं. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ साली त्याचं साधं सूत्र दिलं आहे. एक टक्का गाळाला त्या सूत्रानं वेग जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होतो. आम्ही वेग पाचपट वाढवला होता.

दुसरी चूक मला जास्त लागते. नाकाचा वेग जुळला म्हणून आम्ही कणांचं गणित बरोबर धरलं होतं. त्या वेगाला कणांच्या आकाराशी फारसं देणंघेणंच नाही. पहिल्या टप्प्यात नाक किती वेगानं धावेल हे मिश्रण किती जड आणि पाणी किती खोल यावर ठरतं. मातीच्या जागी तेवढंच जड मिठाचं पाणी घेतलं असतं तरी तेच नऊ सेंटिमीटर आले असते. कणांची खरी परीक्षा गाळ कुठं बसला यात होती, आणि त्या परीक्षेत आम्ही गुणक घालून पास झालो होतो.

उघडं पडलं ते अर्धा टक्का गाळ घेऊन नाली चालवली तेव्हा. संगणकानं, आधीच्याच गुणकासह, सांगितलं की प्रवाह आणखी लवकर विझेल, कारण वेग कमी आणि कण तेवढ्याच झपाट्यानं बसणार. नालीतला प्रवाह मात्र रमतगमत टोकापर्यंत गेला. कमी गाळाचा प्रवाह जास्त लांब गेला. एका गुणकानं दोन्ही जुळेनात. अर्ध्या टक्क्याला जुळवलं की एक टक्का बिघडायचा.

बादली

कोंडी फुटली ती गावात. आम्ही दुसऱ्या खेपेचे नमुने घ्यायला गेलो होतो. पंपघराच्या दारात ऑपरेटरनं गढूळ पाणी बादलीत भरून ठेवलं होतं, हातपाय धुवायला. वर निवळ, तळाला साय धरल्यासारखा गाळ. गटातल्या मुलीनं सहज विचारलं, "दादा, हे कधी भरलेलं?"

"ह्ये? आत्ताच की. अर्धा तास बी झाला नसंल."

ती तिथंच मोबाइलवर आकडेमोड करायला बसली. स्टोक्सच्या १८५१ सालच्या सूत्रानं ०.००२ मिलिमीटरचा कण बादलीच्या ३० सेंटिमीटरमधून खाली यायला जवळजवळ एक दिवस घेतो. प्रयोगशाळेच्या आलेखावर विश्वास ठेवायचा तर अर्ध्या तासानंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास गाळ अजून पाण्यात तरंगायला हवा होता. बादलीत तर तळ दिसत होता.

म्हणजे आलेखातले कण बादलीत नव्हतेच.

परत आल्यावर चाचणीचा कागद पुन्हा काढला. दुसऱ्या पानावर, जिथं आम्ही कुणी पोचलोच नव्हतो, चाचणीची पद्धत लिहिलेली होती. मातीत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून ती मिक्सरमध्ये घुसळली होती. प्रयोगशाळेचं काहीच चुकलं नव्हतं. ही चाचणी अशीच करतात. ते द्रावण चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून फोडून वेगळं ठेवतं, कारण चाचणीला जाणून घ्यायचं असतं की एकेक कण किती बारीक आहे. पाया बांधणाऱ्याला तीच माहिती लागते. आम्हाला हवी होती वेगळीच: आमच्या पाण्यात ही माती कशी पडते?

चिकणमातीचे कण चपटे, आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात कॅल्शियमसारखे क्षार असले की तो भार झाकला जातो, कण एकमेकांच्या जवळ येतात आणि चिकटून पुंजके होतात. इथलं पाणी तसं क्षारांचंच. घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो किंवा पूर्वी निवळीची बी उगाळायचे तेव्हा हेच घडवून आणलं जातं. इथं नदी ते आपणहून करत होती.

कमी गाळाचा प्रवाह लांब का गेला, तेही यातूनच कळलं. पुंजके होण्यासाठी कण एकमेकांना भेटावे लागतात. गाळ निम्मा झाला की भेटी त्याहूनही कमी होतात, पुंजके बारीक राहतात आणि सावकाश पडतात. आमच्या गुणकाला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. "कण समूहानं पडतात" असं पोरांनी अहवालात लिहिलं होतं ते शब्दशः खरं निघालं, फक्त त्यांच्या मनातला समूह वेगळा होता.

अर्थात हा झाला तर्क. तो तपासायचा उपाय त्याच कागदावर होता. नालीच्या पाण्यात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घातलं, तीच माती, तोच एक टक्का, फळी ओढली. प्रवाह टोकाच्या भिंतीवर आदळला, परत फिरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाली अजून ताकासारखी पांढुरकी होती. पहिलं सिम्युलेशन, ज्यात कुठलाही गुणक नव्हता आणि जे आम्ही चुकलेलं म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते या प्रयोगाशी गाळाच्या थरापर्यंत जुळलं. चार महिने आम्ही एका अशा नालीचं बरोबर गणित करत होतो, जी कुठं नव्हती.

पुंजक्यांचं गणित

यानंतर आम्ही व्यासावरून वेग काढणं सोडलं. मीटरभर उंचीची पारदर्शक नळी घेतली, नदीचंच पाणी, वेगवेगळ्या प्रमाणात गाळ, आणि ठरावीक खोलीवरून ठरावीक वेळांनी पिपेटनं थोडं पाणी काढून वाळवून वजन केलं. कंटाळवाणं काम. पण त्यातून पडण्याचा वेग थेट मिळतो, कण कितीचा आहे हे माहीत नसलं तरी चालतं.

एकटा पुंजका, व्यास साधारण ०.२ मिलिमीटर, सेकंदाला तीन मिलिमीटरच्या घरात पडत होता. स्टोक्सचं सूत्र उलटं चालवलं की त्याची घनता निघते: पाण्याच्या १.१४ पट. मातीच्या कणाची घनता २.६५ पट. म्हणजे पुंजक्यात माती बारावा हिस्सा, बाकी पाणीच. दिसायला ढेकूळ, आत स्पंज.

याचा एक परिणाम आमच्या ध्यानात उशिरा आला. एक टक्का माती पुंजक्यांच्या रूपात आली की ती पाण्यातली बारा टक्के जागा अडवते. मग रिचर्डसन-झाकीचं सूत्र पाच टक्क्यांवर थांबत नाही. एकट्या पुंजक्याचा वेग गर्दीत जवळजवळ निम्म्यावर येतो, तीनाचा पावणेदोन मिलिमीटरच्याही खाली. मिश्रणाचं एकूण वजन तेच राहतं, म्हणून नाकाचा वेग तोच. गाळाचं बसणं मात्र सगळं बदलतं. नळीतून काढलेला वेग, गाळाच्या प्रमाणानुसार बदलणारा, सिम्युलेशनमध्ये घातला आणि ड्रॅगवरचा गुणक काढून टाकला. अर्धा टक्का आणि एक टक्का, दोन्ही प्रयोग एकाच मांडणीत बसले. दोन टक्क्यांचा प्रयोग आधी संगणकावर केला आणि मग नालीत. तिथं थर अपेक्षेपेक्षा थोडा मागं साचला. दाट मिश्रणात पुंजके वाटेत तुटतात आणि पुन्हा जुळतात, ते आमच्या गणितात नव्हतं. नदीत इतका दाट प्रवाह आम्हाला दिसला नव्हता, म्हणून तो नाद सोडला.

काडेपेटीएवढ्या तुकड्यातलं एकेका कणाचं गणित, ज्याच्यावर पोरांनी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या, त्याचा या सगळ्यात फारसा उपयोग झाला नाही. स्लाइडमध्ये ते सुंदर दिसतं.

नदीवर

डोहासाठी एकेक कण, किंवा गाठोडंही, शक्य नव्हतं. ओढ्याच्या तोंडापासून जॅकवेलपर्यंतचा उभा छेद घेतला, गाळ म्हणजे पाण्यातलं प्रमाण एवढंच धरलं, आणि बसण्याचा वेग नळीतला. ओढ्याच्या पाण्यात वळवानंतर लिटरमागं दोन ग्रॅम गाळ मिळाला होता. नालीतल्या एक टक्क्याच्या तुलनेत हे फारच पातळ. इतक्या पातळ पाण्यात पुंजके सेकंदाला ०.३ मिलिमीटरनं पडत होते.

उत्तर आलं: प्रवाह निम्म्या वाटेवरच विझतो, जॅकवेलपर्यंत गाळ पोचत नाही.

पण बाटली तर चहासारखी आली होती. पुन्हा गुणकाचा मोह झालाच. या वेळी मात्र आम्ही आधी वही चाळली. नमुने घेताना कुणीतरी सवयीनं तापमानंही लिहून ठेवली होती. डोहाचं पाणी ३० अंश, वर-खाली फारसा फरक नाही. ओढ्याचं पाणी २४. त्या संध्याकाळी गाराही पडल्या होत्या.

३० अंशांचं पाणी आणि २४ अंशांचं पाणी यांच्यात घनमीटरमागं सुमारे १.६५ किलोचा फरक असतो. लिटरमागच्या दोन ग्रॅम गाळानं येणारं जादा वजन सव्वा किलो. म्हणजे आमच्या गढूळ प्रवाहाला खाली दाबणारा मुख्य गडी गाळ नव्हताच, थंडावा होता. शिवाय थंडावा गाळासारखा तळाला बसून जात नाही. गाळ वाटेत गळत गेला तरी प्रवाह चालत राहतो आणि उरलेला गाळ पुढं नेतो. तापमान घातल्यावर मीटरभर जाडीचा प्रवाह सेकंदाला बारा ते पंधरा सेंटिमीटरनं निघाला. सहाशे मीटरला लागली सव्वा तासाच्या आसपास वेळ, आणि जॅकवेलपाशी पोचला ओढ्यातल्या गाळाचा साधारण चौथा हिस्सा. ऑपरेटरचा तासा-दीड तास.

समुद्राच्या तळातल्या लोंढ्यांवर काम करणारे तापमानाला सहसा एवढा भाव देत नाहीत, तिकडे गाळच भारी असतो. आमच्या बंधाऱ्यामागच्या डोहात, उन्हानं तापलेल्या मेमध्ये, हिशेब उलटा आहे. जूनमध्ये बर्गे काढले, नदी वाहती झाली, की हा प्रवाहच उरत नाही. मग गाळ वरपासून तळापर्यंत सगळीकडे असतो आणि तक्रारही कुणी करत नाही.

संस्थेनं काय केलं

आबांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पाणी ओढायचं तोंड तळापासून दीड-दोन मीटर वर घ्या, आणि वळवानंतर तासाभरानं पंप बंद करून सकाळपर्यंत थांबा.

पहिली केली. राड बरीच कमी झाली. पण पुढच्या एप्रिलमध्ये बंधाऱ्यातलं पाणी उतरलं तसा पाइप हवा धरायला लागला. शेवटी प्लास्टिकच्या बॅरलला लवचिक पाइप बांधून तोंड पाण्याबरोबर वर-खाली होईल असं केलं. ते ऑपरेटरनं आणि गावातल्या वेल्डरनं मिळून केलं, आमचा त्यात हात नाही.

दुसऱ्या गोष्टीवर सभेत बरीच वादावादी झाली. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात सकाळपर्यंत थांबायचं म्हणजे त्या दिवसाचं पाणीच सोडून द्यायचं. ऊसवाल्यांना थोडी राड चालते, द्राक्षवाल्यांना अजिबात नाही. तोडगा असा निघाला की वळीव झालेल्या रात्री ठिबकची लाईन बंद ठेवायची आणि पाटानं पाणी घेणाऱ्यांनाच पाळी द्यायची.

अंधारात पाण्याचा रंग दिसत नाही, म्हणून ऑपरेटरनं ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याचा नंबर पंपघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला आहे. पाऊस उघडला की तो फोन करतो, "अण्णा, वढा आला का?" आला म्हटलं की घड्याळ बघतो, तासभर सगळ्यांना पाणी देतो, आणि मग ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला उठतो.